तीन टिंबांचा मेल

१

मेल आला होता. तारीख होती, वेळ होती, पाठवणाऱ्याचं नाव होतं, सोबत काहीतरी जोडलंय हेही दिसत होतं. दिसत नव्हता तो फक्त मजकूर. विषयाच्या जागी तीन टिंबं होती आणि खाली लाल पट्टीत एकच ओळ: हा संदेश उघडता येत नाही.

लातूरच्या चन्नबसप्पा बिराजदार वकिलांनी दसऱ्यानंतरच्या सोमवारी सकाळी ती पट्टी पाहिली. चष्मा पुसून पुन्हा पाहिली. मग कॉम्प्युटर बंद करून चालू केला, कारण सत्तरीच्या माणसाला कॉम्प्युटरवरचा एवढाच इलाज ठाऊक असतो. पट्टी हलली नाही. शेवटी त्यांनी दोन बोटांनी टाइप केलं, 'उघडत नाही, पुन्हा पाठवा', आणि ते श्रीमंत ढगेला धाडून दिलं.

श्रीमंत ढगे ते वाचणार नव्हता. आदल्या दिवशी, रविवारी पहाटे, हदगावहून नांदेडला येताना त्याची मोटारसायकल रस्त्यात उभ्या असलेल्या सोयाबीनच्या ट्रॉलीवर मागून आदळली होती. ट्रॉलीला ना दिवा ना चमकणारी पट्टी. माणूस जागच्या जागी गेला, खिशातल्या फोनचा चुरा झाला. त्यात कुणाचा हात नव्हता, हे ज्यांना संशय घ्यायची हौस होती त्यांनीही मान्य केलं. आपल्याकडच्या रस्त्यांना माणूस मारायला कट करावा लागत नाही.

ही बातमी आणि वकिलांचा फोन, दोन्ही महामाया सोनकांबळेला एकाच दुपारी मिळाले. ती नांदेडच्या एका तंत्रनिकेतनात कॉम्प्युटर शिकवते. तिचा धाकटा भाऊ आनंदराज हदगावजवळच्या एका तेलमिलमध्ये बॉयलर सांभाळायचा. एप्रिलमध्ये तो बॉयलर फुटला, दोन मजूर गेले आणि मिलनं सगळं खापर आनंदराजच्या डोक्यावर फोडलं. सहा महिन्यांपासून तो तुरुंगातच होता. खरं तर स्फोटाआधी सलग नऊ दिवस त्यानं नोंदवहीत लिहिलं होतं की सेफ्टी व्हॉल्व्ह अडकतोय, बॉयलर बंद करा. प्रत्येक पानावर मॅनेजरची सही होती. ती वही स्फोटाच्या दिवशीच गायब झाली. पण मिलचा इंजिनिअर श्रीमंत ढगे यानं त्याआधीच ती नऊ पानं फोनमध्ये टिपून घेतली होती, आणि सहा महिने मनात कुढून शेवटी ती वकिलांना पाठवायला तो तयार झाला होता.

ती नऊ पानं त्या तीन टिंबांच्या मागे होती. जामिनाची सुनावणी अकरा दिवसांवर आली होती. आणि मेलला कुलूप कुणी लावलं म्हणाल, तर ते महामायानंच लावून दिलं होतं.

२

श्रीमंतची अटच तशी होती. 'पाठवतो, पण मदी कुणी वाचलं तर माझं घर उठंल,' असं तो म्हणाला होता. मग महामायानं त्याच्या लॅपटॉपवर आणि लातूरच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर एन्क्रिप्शन, म्हणजे मेलला कुलूप घालायचं तंत्र, बसवलं. दोन्हीकडचे मेलचे प्रोग्राम वेगळे. महिनाभर एकाचं कुलूप दुसऱ्याला कळेना, दुसऱ्याचं पहिल्याला रुचेना. सवतींना एका घरात नांदवणं त्यापेक्षा सोपं, असं ती स्टाफरूममध्ये म्हणाली होती.

शेवटी तिला एक सोय सापडली. ती अशी: प्रत्येक मेलसोबत पाठवणाऱ्याचं एक उघडं कुलूप आपोआप जातं. समोरचा प्रोग्राम ते जपून ठेवतो आणि पुढचं पत्र त्याच कुलपात बंद करून धाडतो. उघडायची किल्ली मात्र मालकाच्या यंत्रातच राहते, ती कुठं जात नाही. माणसानं काही म्हणता काही करायचं नाही. महामायाला ही सोय इतकी आवडली की तिनं वकिलांच्या ऑफिसात भिंतीवर स्वतःच्या हातानं लिहून एक कागद चिकटवला. 'श्रीमंतभाऊंना फोन किंवा व्हॉट्सॲप करू नये, फक्त मेल.' त्याखाली फोनवर मेल वापरायची वेळ आली तर कुठला प्रोग्राम घ्यावा त्याचं नाव. आणि शेवटी, दोनदा अधोरेखित करून, 'बाकी काही करू नका, सगळं आपोआप होतं.'

मंगळवारी सकाळच्या एसटीनं ती लातूरला पोचली. ऑफिस म्हणजे वकिलांच्या घराचीच पुढची खोली. वकील आणि त्यांचे कारकून महांतेश दाराशीच उभे होते.

"पोरी, माझ्या हातून काही बिघडलं का गं?" वकिलांनी पहिलाच प्रश्न केला.

ती थेट कॉम्प्युटरकडे गेली. खुर्ची ओढली, मेलची आतली माहिती उघडली आणि तो कोणत्या कुलपानं बंद आहे ते पाहिलं. कुलपांना नंबर असतात. या कॉम्प्युटरच्या कुलपाचे शेवटचे चार आकडे तिला पाठ होते, चार एक सात शून्य.

मेलवरच्या कुलपाचे आकडे होते नऊ नऊ दोन तीन.

"काका," ती म्हणाली, "हे कुलूप आपलं न्हाईच."

३

म्हणजे कुणीतरी मध्येच आपलं कुलूप सरकवलं होतं. श्रीमंतनं विश्वासानं नऊ पानं बंद केली, पण किल्ली भलत्याच्याच खिशात.  मिलवाल्यांचे हात लांब आहेत हे नांदेडातल्या दोन वकिलांनी केस घ्यायला नाही म्हणून तिला आधीच शिकवलं होतं. म्हणून तर ती लातूरपर्यंत आली होती.

तिनं पाठवलेल्या मेलची यादी काढली. नवमीच्या दिवशी, बुधवारी सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांनी, याच खात्यावरून श्रीमंतला एक मेल गेला होता. ती ओळ उघडीच होती, कुणालाही वाचता येईल अशी: 'पाठवा. फिकीर करू नका. मी आहे. बिराजदार.' आणि त्या ओळीच्या पाठीवर बसून नऊ नऊ दोन तीन नंबरचं नवं कुलूप नांदेडला गेलं होतं. श्रीमंतच्या लॅपटॉपनं इमानदारीत जुनं कुलूप बाजूला ठेवलं, नवं उचललं, आणि शुक्रवारी नऊ पानं त्यात बंद केली.

"हे तुम्ही लिहिलं?"

वकिलांनी स्क्रीनला नाक लावलं. "नवमीला? बिल्कुल नाही. नवमीला खंडेपूजा असते. कायद्याची पुस्तकं, माझं पेन, हा कॉम्प्युटर, सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. पूजा झाली की दसरा होईपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. चाळीस वर्षांत मी नवमीला पेनचं टोपणसुद्धा काढलेलं नाही."

"आन् शुक्रवारपर्यंत वायर काढलेलीच व्हती मॅडम," महांतेश मध्येच बोलले. "मीच काढली. हे बघा की." त्यांनी आपल्या फोनवर फोटो दाखवला. हारानं झाकलेला कॉम्प्युटर, कीबोर्डवर कुंकवाची बोटं, एका बाजूला हात जोडलेले वकील, दुसऱ्या बाजूला हात जोडलेले महांतेश. फोटोवर वेळ होती नवमीची, सकाळी दहा चाळीस.

हळदकुंकू वाहिलेल्या, वायर काढलेल्या कॉम्प्युटरनं पंचवीस मिनिटांनी मेल लिहिला नव्हता, एवढं नक्की. तिनं त्या ओळीची आतली माहिती वाचली. ती फोनवरून लिहिली होती, आणि प्रोग्राम तोच होता ज्याचं नाव तिनं भिंतीवरच्या कागदावर लिहिलं होतं. म्हणजे ज्यानं कुणी हे केलं, त्यानं या खोलीत उभं राहून तो कागद वाचला होता.

वकिलांचा फोन बटणांचा, त्यावर मेलचं नावही निघत नाही. उरलं कोण? महामायानं मान वळवली. महांतेशांनी फोन खिशात टाकला आणि ते उगीचच फायली सारख्या करू लागले.

४

वकील जेवायला आत गेले तशी महामायानं महांतेशांना गाठलं.

"मिलमध्ये तुमचं कोण हाय?"

महांतेशांच्या हातातली फाईल खाली पडली. "कुणी सांगितलं तुमाला?"

कुणीच सांगितलं नव्हतं. तिनं अंधारात दगड मारला होता, तो बरोबर लागला.  त्यांचा साडू मल्लेश मिलच्या वजनकाट्यावर कामाला होता. पंधरा वर्षं वकिलांकडे काढली, पण हे त्यांनी साहेबांना सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर साहेबांनी या केसच्या कागदांना हात लावू दिला नसता, आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांना आपला उपयोग होतोय असं वाटत होतं.

"मल्लेशला मी एक सबूद सांगितला न्हाई," ते म्हणाले. "सिद्धरामाची आण. माझा फोन घ्या, काय बघायचं ते बघा."

महामायानं खरंच घेतला. बघू नये ते सगळं बघितलं. पोरीच्या शाळेची फी भरल्याच्या पावत्या, बायकोच्या गोळ्यांची चिठ्ठी, साडूशी झालेलं बोलणं, ज्यात मल्लेश दोनदा केसचं विचारत होता आणि महांतेश दोन्ही वेळेला पावसापाण्यावर विषय नेत होते. मेलचा तो प्रोग्राम फोनवर नव्हता आणि कधी बसवलेलाही नव्हता, हेही तिला खात्यात दिसलं.

फोन परत देताना तिची नजर वर होईना. महांतेश डोळे पुसून फायली बांधायला लागले. आपण एका सरळ माणसाला त्याच्याच टेबलापाशी चोर ठरवून मोकळे झालो, याची शरम तिला परतीच्या एसटीत नांदेड येईपर्यंत जाळत राहिली. माफी मागायची राहूनच गेली.

आणि कोडं होतं तिथंच होतं. त्या दिवशी खोलीत दोन माणसं आणि एक कॉम्प्युटर होता. तिघांपैकी कुणीही तो मेल लिहिलेला नव्हता.

५

बुधवारी ती चांगुणाकडे गेली. श्रीमंतची बायको. नवरा जाऊन तीनच दिवस झालेले, अशा घरात लॅपटॉपबद्दल विचारायला जाणं म्हणजे जिवावर येण्याचंच काम. पण भाऊ तुरुंगात असला की माणसाची लाज थोडी कमी होते. दारातल्या चपलांमधून वाट काढत ती आत गेली आणि चांगुणाच्या शेजारी भिंतीला टेकून बसली.

"लॅपटॉप मिलचा व्हता," चांगुणा म्हणाली. "काल येऊन घेऊन गेले. आमच्या दीरासमोरच सगळं पुसून टाकलं त्यातलं. म्हणले, कंपनीचा नियम हाय."

महामायाच्या आशेचा एक धागा तिथंच तुटला. पाठवलेल्या मेलची एक प्रत श्रीमंतच्या स्वतःच्या किल्लीनंही उघडली असती. ती किल्ली त्या लॅपटॉपमध्ये होती.

"आन् फोटो? फोनमदले?"

"पाठवून झाले तसे काढून टाकले त्यांनी. भीत व्हते की. शुक्रवारी दुपारी मला हाक मारली, म्हणले, हे बघ, हिरवं कुलूप दिसून राहिलं, गेलं बघ. लई दिवसांनी पोटभर जेवले त्या दिवशी." मग तिला आठवलं. "नवमीला सकाळी तर पार धीर सुटला व्हता त्यांचा. तुमालाच केलता ना फोन?"

"हाव. म्हणले, वकिलांचा एक शब्द आल्याबिगर पाठवायचं मन व्हईना."

"आन् आला की शब्द. ती एक ओळ त्यांनी चारदा वाचली. तिच्यावरच पाठवलं त्यांनी." चांगुणानं पदर तोंडाला लावला. "वकीलसायबाला सांगा, लई उपकार झाले."

महामाया हो म्हणाली. ज्या ओळीनं घात केला तिचेच उपकार मानले जात होते, आणि ते ऐकून घेण्यापलीकडे तिच्या हातात काही नव्हतं. निघताना चांगुणानं विचारलं, "आता सुटंल ना तुमचा भाऊ?"

६

गुरुवारी वर्गात मुलं प्रॅक्टिकल करत होती आणि महामाया महांतेशांकडून मागवलेला तो पूजेचा फोटो शंभराव्यांदा बघत होती. झेंडू, कुंकू, डावीकडे वकील, उजवीकडे महांतेश. दोघांचेही हात जोडलेले. दोघांचे मिळून चारही हात दिसत होते.

मागच्या बाकावरच्या सृष्टी नावाच्या पोरीनं डोकावून पाहिलं. "मॅडम, लई भारी फोटो. कुणी काढला?"

महामाया तशीच उठून बाहेर गेली. मंगळवारपासून ती फोटोतल्या माणसांची झडती घेत बसली होती. फोटो काढणारं माणूस फोटोत नसतं, एवढी साधी गोष्ट कॉम्प्युटर शिकवणाऱ्या बाईच्या डोक्यात आली नव्हती.

तिनं वकिलांना फोन लावला. "काका, पूजेचा फोटो कुणी काढला?"

"मंजूनं. माझी मंजुश्री. उदगीरला शाळेत शिकवते, दसऱ्याला आली होती."

"तिनं त्या दिवशी श्रीमंतभाऊंना मेल केला होता का?"

"छे. मेल कसा करेल? कॉम्प्युटर पूजेत होता."  मग वकिलांचा आवाज अगदी बारीक झाला. "मी तिला म्हटलं होतं, ढगेला जरा निरोप धाड म्हणून. निरोप म्हणजे... महामाया, निरोप म्हणजे मेल होता का गं तो?"

म्हातारा खोटं बोलला नव्हता. महांतेशही बोलले नव्हते. कॉम्प्युटरला हात कुणी लावला, एवढंच ती विचारत सुटली होती, आणि त्या प्रश्नाचं खरं उत्तर 'कुणीच नाही' असंच होतं. निरोप कुणी धाडला, हे तिनं कुणाला विचारलंच नव्हतं.

तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि उदगीरची एसटी धरली. वाटेत कंधारला गाडी पंधरा मिनिटं थांबली, तेव्हा पहिल्यांदाच तिला वाटलं की अजून सगळं हातातून गेलेलं नाही. किल्ली मंजुश्रीच्या फोनमध्ये असणार. फोन उघडायचा, मेल उघडायचा, नऊ पानं छापायची. एवढंच तर काम.

७

मंजुश्री शाळा सुटून घरी येतच होती. महामायाला बघून तिनं आधी पाणी दिलं, मग चहा टाकला, आणि सगळं न लपवता सांगितलं. लपवण्यासारखं काही आहे हे तिला माहीतच नव्हतं.

"बाबा म्हणाले, निरोप धाड. मी व्हॉट्सॲप करणार होते, तर भिंतीवरचा तुमचा कागद दिसला. फोन नको, व्हॉट्सॲप नको, फक्त मेल. मग त्यात लिहिलेला प्रोग्राम माझ्या फोनवर घेतला, बाबांचं खातं टाकलं, ओळ लिहिली. बाकी सगळं आपोआप होतं असं तुम्हीच लिहिलं होतं ना ताई? झालंच की आपोआप."

झालंच होतं. नव्या फोनला जुनी किल्ली कुठून मिळणार? म्हणून प्रोग्रामनं मुकाट्यानं नवी किल्ली घडवली, नवं कुलूप ओळीसोबत धाडून दिलं, कुणाला काही विचारलं नाही. दोन प्रोग्रामांचं इतकं गूळपीठ जमलं होतं की मधल्या माणसांना पत्ताच लागला नाही. महामायाला महिनाभर खपून हेच तर हवं होतं.

"फोन कुठाय तो?"

मंजुश्रीनं टेबलावरचा फोन पुढे केला. कोरा करकरीत. महामायाला काय ते कळलं, तरी तिनं विचारलं.

"जुना दसऱ्यालाच एक्स्चेंजमध्ये दिला. मुहूर्त होता ना. दुकानदारानं माझ्यासमोर सगळं पुसून घेतलं. मीच म्हटलं, नीट पुसा, बाबांचा मेल आहे त्यात."

"किल्लीची प्रत ठेवायची का, असं काही विचारलं होतं का त्या प्रोग्रामनं?"

"विचारलं होतं काहीतरी. मी 'नंतर' दाबलं." मंजुश्रीचा चेहरा हळूहळू उतरत गेला. "ताई, माझ्यामुळं काही झालंय का?"

"नाही."

"मला त्या दिवशी इतकी घाई कशाला तेच कळेना. मी बाबांना म्हटलं, शुक्रवारी पूजा उठली की कॉम्प्युटरवरून करू. पण तुमचा फोन आला होता ना त्यांना सकाळी. बाबा सांगत होते तुम्हाला, आज पूजेत आहे सगळं. तुम्ही म्हणालात, कुठूनही जाऊ द्या काका, पण आजच्या आज जाऊ द्या."

चहा गार होत होता. वकिलांनी काही धाडलंच नाही असं धरून महामायानं तो फोन हिशेबातच घेतला नव्हता, आता तो तिला शब्द न् शब्द आठवला. कॉलेजच्या जिन्यात उभी राहून तिनं तो केला होता. म्हातारा आढेवेढे घेत होता, आणि खंडेपूजेपायी माझ्या भावाला तुरुंगात कुजवणार का, असं काहीसं ती मनात म्हणाली होती. श्रीमंत शुक्रवारपर्यंत थांबला असता. दोन दिवसांनी काही अडलं नव्हतं. तिला दम धरवला नाही, एवढंच.

कोडं सुटलं होतं. कुणी, केव्हा, कशानं, का, सगळं लख्ख. चोर कुणीच नव्हतं, आणि वाट दाखवणारी ती स्वतः होती.

शुक्रवारी ती लातूरच्या त्या मोबाईलच्या दुकानात जाऊन आली. दुकानदार भला माणूस होता, त्यानं रजिस्टर काढून दाखवलं. दसऱ्याचे एक्स्चेंजचे एकशे बारा फोन एकाच गोणीत हैदराबादला गेले होते. सापडला तरी उपयोग नाही हे तिला ठाऊक होतं. पुसलेल्या फोनमधून किल्ली निघत नाही. निघाली असती तर कुलपाला अर्थच काय? तरी तिनं हैदराबादचा नंबर लिहून घेतला आणि सलग तीन दिवस लावला. एकदाही कुणी उचलला नाही.

८

सुनावणी नांदेडच्या कोर्टात झाली. चन्नबसप्पा वकिलांनी मेलची तारीख दाखवली, पाठवणाऱ्याचं नाव दाखवलं, महामायाचं शपथपत्र दिलं. त्यात तिनं काही झाकलं नव्हतं. नवमीचा फोनही लिहिला होता. सरकारी वकील उठले आणि म्हणाले, "म्हणजे जे कुणालाच वाचता येत नाही ते न्यायालयानं वाचलंय असं समजावं, असं माझ्या विद्वान मित्रांचं म्हणणं आहे का?" मागे दोघंतिघं हसले. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी शपथपत्र दोनदा वाचलं, सहानुभूती आहे म्हणाले, आणि अर्ज फेटाळला.

बाहेर आल्यावर वकिलांनी चष्मा काढला. "चाळीस वर्षांत पुरावा नव्हता म्हणून हरलो, पुरावा खोटा होता म्हणून हरलो. हातात धरून हरलो ते आजच." महांतेशांनी त्यांच्या हातातली फाईल घेतली आणि महामायासाठीही पाण्याची बाटली आणली. तिनं तेव्हा त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "जाऊ द्या मॅडम, तुमच्या जागी मीबी तेच केलं असतं."

पुढच्या बुधवारी मुलाखतीचा दिवस होता. आई, पार्वतीबाई, सोबत आली होती, पण आत एकालाच सोडत होते. महामाया गेली.

"जय भीम ताई," जाळीपलीकडून आनंदराज म्हणाला. सहा महिन्यांत त्याची हाडं वर आली होती. "फेटाळला म्हन."

तिनं त्याला सगळं सांगितलं. खंडेपूजा, फोटो, मंजुश्री, जिन्यातला फोन. आनंदराजनं मध्ये एकदाही तोडलं नाही. बॉयलरवरचा माणूस, काटा कुठं सरकला ते नीट ऐकून घ्यायची त्याला सवय होती.

"म्हन्जे पानं हायत," तो शेवटी म्हणाला.

"हायत."

"नऊच्या नऊ?"

"नऊच्या नऊ. पण ती कुणालाच, कधीच दिसणार न्हाईत. मी लई हात मारले रे. काहीच करता येईना."

त्यानं जाळीला बोटं अडकवली. मग म्हणाला, "आईला हे सांगू नको. तुझ्यामुळं झालं हे तिला सोसायचं न्हाई. तिला म्हन, श्रीमंतनं पाठवलंच न्हाई. तो तर गेला बिचारा. त्याला काय फरक पडून राहिला आता?"

शिपायानं वेळ संपल्याची हाक दिली. 

पार्वतीबाई बाहेर लिंबाखाली पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "जेवून राहिला का नीट?" त्यांनी विचारलं.

"हाव." महामाया शेजारी बसली. भावानं दिलेलं खोटं तिच्या जिभेवर होतं, आणि ते किती सोपं होतं. मेलेला माणूस येऊन उलटतपासणी करणार नव्हता. "आई," ती म्हणाली, "श्रीमंतभाऊनं पाठवलं होतं. नऊच्या नऊ पानं. त्याचं काही चुकलं न्हाई. माझ्या घाईपायी ती कुणालाच उघडता येईनात. आनंद आत हाय तो माझ्यामुळं."

 पार्वतीबाई आता रडतील, आता बोल लावतील, म्हणून महामायानं मान खाली घातली. पण त्या उठल्या, लुगडं झटकलं आणि पिशवी खांद्याला अडकवली.

"तू आपली उघडत न्हाई, उघडत न्हाई म्हणायलीस. मला वाटलं, मिलवाल्यांचं ऐकून त्यानं काहीतरी रिकामंच धाडलं," त्या म्हणाल्या. "म्हणून मी त्याच्या तेराव्याला गेले न्हाई. वाटेत चांगुणा दिसली तर तोंड फिरवलं तिच्याकडून. चल, आधी तिच्याकडं जाऊ."